पाचव्या दिवशी पाणी आणि घरात समुद्र

"माणसाला पाचव्या दिवशी पाणी, आन् हिच्या माशाला घरात समुद्र!" सासूबाईंनी पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला. जून २०२३ ची गोष्ट. जुळे सोलापुरातल्या आमच्या हॉलमध्ये तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच काचेची टाकी नुकतीच बसली होती आणि मी ड्रममध्ये मीठ ढवळत होते. शाळेच्या सहलीत मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं, तेव्हापासून डोक्यात बसलेलं खूळ. लेक आठवीत गेला, त्याने हट्ट धरला, आणि मी त्याच्या हट्टाच्या आडून माझा पुरवून घेतला.

खाऱ्या पाण्यातले मासे आणि सोलापूर हे समीकरणच मुळात उलटं आहे. समुद्र तीनशे किलोमीटरच्या पुढे, हवा कोरडी ठणठणीत आणि नळाला पाणी महानगरपालिकेच्या मर्जीने. तरी जमतं. पण माझ्या टाकीतलं नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठत जाणारा क्षार, लिटरला शंभर मिलिग्रॅमवरून दहावर यायला नऊ महिने लागले. त्यातले निम्मे दिवस मी चुकीच्या ठिकाणी शोधत होते, म्हणून हे सगळं तारीखवार लिहून ठेवतेय.

टाकीत खडक वगैरे धरून साधारण १८० लिटर पाणी बसतं. लिटरला ३५-३६ ग्रॅम मीठ, म्हणजे पहिल्या भरणीलाच साडेसहा किलो लागलं. हे मीठ किराणा दुकानातलं नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असं सगळं समुद्राच्या प्रमाणात घातलेलं असतं. रवीने ढवळून भागत नाही हे लगेच कळलं. ड्रममध्ये छोटा पंप सोडून एक रात्र फिरू द्यायचं, मग रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता बघायची. ती ३५ आली की पाणी तयार.

त्यानंतर पाच आठवडे रिकामी टाकी बघत बसायचं. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजलं की अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. हे जिवाणू आधी वस्तीला यावे लागतात. त्यांना खाऊ म्हणून बरेच जण टाकीत कोळंबी कुजवतात. आमच्या घरात कोळंबी उंबऱ्याच्या आत येणं शक्य नव्हतं, म्हणून मी रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकत होते. "मासेच न्हाईत तर खातंय कोण?" हा प्रश्न रोज व्हायचा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आलं. गाडी नायट्रेटच्या स्टेशनात आली होती. साध्या टाकीत तिच्यापुढे जवळजवळ रूळ नसतात. खडकाच्या आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे, काही जिवाणू नायट्रेटचा वायू करून सोडतात. पण ते काम सावकाश चालतं आणि थोडंच होतं. बाकीचं नायट्रेट साठत राहतं.

मासे मी स्वतः मुंबईहून आणले. पिशवीत ऑक्सिजन भरून, थर्माकोलच्या डब्यात घालून. सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये डबा पायाशी धरून रात्रभर जागी होते. क्लाउनफिशची जोडी ९०० रुपये, निळा डॅमसेल २५०, पाच गोगलगायी आणि एक क्लीनर श्रिंप, म्हणजे झिंग्याच्या जातीचा छोटा जीव. लोक विचारतात, पोवळी का नाहीत? वन्यजीव संरक्षण कायद्यात कठीण प्रवाळ २००१ पासून अनुसूची एकमध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. एका दुकानात मला बिनबिलाचा 'लाइव्ह रॉक', म्हणजे समुद्रातला जिवंत वस्तीचा खडक, दाखवला, मी हात जोडले. माझे खडक कृत्रिम आहेत, सिरॅमिकचे.

सप्टेंबर ते डिसेंबर मी दर रविवारी किटने पाण्याची टेस्ट करून वहीत लिहीत होते. नायट्रेट १०. नायट्रेट १०. नायट्रेट १०. मला माझं कौतुक वाटायला लागलं होतं.

जानेवारी २०२४ मध्ये, गड्ड्याची यात्रा चालू असताना, श्रिंप मेलं. काचेवर आधीपासूनच हिरवं केसाळ शेवाळ धरत होतं. पुण्यात या छंदातले एक जुने जाणकार आहेत, एका ओळखीच्यांनी त्यांचा नंबर दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुसरी बाटली किती वेळ हलवता?"

"हलवायची असते?"

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग ते म्हणाले, "ताई, माहितीपत्रक वाचा."

माझ्या किटमध्ये नायट्रेटच्या दोन बाटल्या आहेत. दुसरीतला एक घटक तळाशी बसतो. ती तीस सेकंद जोरात हलवायची, थेंब टाकल्यावर नळी पूर्ण एक मिनिट हलवायची, मग पाच मिनिटं थांबायचं. मी चार महिने नुसतं वरवरचं पाणी टाकत होते. त्या रात्री नीट टेस्ट केली तर नळी लालभडक. एवढ्या गडद लाल रंगात ८० आणि १६० मधला फरक डोळ्यांना कळत नाही. अशा वेळी टाकीचं पाणी निम्मं आणि शुद्ध पाणी निम्मं घेऊन टेस्ट करायची आणि आलेला आकडा दुप्पट करायचा. माझा आला शंभरच्या आसपास. क्लाउनफिश असल्या पाण्यात जगतात, म्हणून तर मला काही कळलं नाही. बिनकण्याच्या जिवांना ते फार सोसत नाही. श्रिंप नायट्रेटनेच मेलं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण ते निरपराध होतं एवढं नक्की.

मग सुरू झाली पाणी बदलण्याची मोहीम. दर चार-पाच दिवसांनी ३६ लिटर काढायचं, ३६ लिटर नवं खारं पाणी घालायचं. म्हणजे दर वेळी वीस टक्के. हिशोबाने चार बदलांत शंभराचे साधारण एक्केचाळीस व्हायला हवेत. माझे झाले ऐंशी. पाचव्या बदलानंतर पुन्हा टेस्ट केली, तरी ऐंशीच. मीठ संपलं, कंबर गेली आणि आकडा ढिम्म.

पहिला चोर फिल्टरमध्ये सापडला. टाकीखाली बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर होता. आत स्पंज, सिरॅमिक रिंगा आणि कापूस. पाणी आरशासारखं स्वच्छ म्हणून मी तो ऑगस्टपासून उघडला नव्हता. फेब्रुवारीत उघडला तर आत गुळाच्या काकवीसारखा चिखल. फिल्टर कचरा पकडतो, पण तो असतो पाण्यातच. पाणी त्याच्यावरूनच फिरत राहतं, कचरा तिथेच कुजतो आणि त्याचं नायट्रेट टाकीत परत येतं. पाणी दिसायला स्वच्छ झालं म्हणून कचरा घराबाहेर गेला असं होत नाही, तो हाताने काढून मोरीत ओतावा लागतो. तेव्हापासून स्पंज आठवड्याला धुते, तेही टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात. रिंगा एकदम सगळ्या धुवायच्या नाहीत, नाहीतर सगळी वस्ती एका दिवसात उठते आणि अमोनिया परत येतो.

याने थोडा फरक पडला. ऐंशीचे सत्तर. पुन्हा पुण्याला फोन. या वेळी प्रश्न आला, "घालता ते पाणी कधी तपासलंय?"

ते कशाला तपासायचं? स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी, आम्ही स्वतः पितो ते. तरी तपासलं. आरओच्या पाण्यात नायट्रेट पंधरा ते वीस. सोसायटीच्या बोअरच्या पाण्यात पन्नासच्या वर.

आता सगळं जुळायला लागलं. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला, जानेवारीत उजनी धरणातला उपयुक्त साठा संपून ते मायनसमध्ये गेलं. ऑक्टोबरपासूनच सोसायटी टाकीत बोअरचं पाणी सोडत होती. घरगुती आरओत पाण्याला चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळायचा एक स्क्रू असतो, तो आमच्याकडे बऱ्यापैकी उघडा होता. शिवाय आरओचा पडदा इतर क्षार अडवतो तेवढं नायट्रेट अडवत नाही. म्हणजे मी नायट्रेट काढायला नायट्रेटचंच पाणी घालत होते. त्याहून वाईट म्हणजे बाष्पीभवनाची भर. टाकीतून पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोजची भर गोड्या पाण्याने घालतात. आमच्याकडे सरासरी रोज चार लिटर लागतात. महिन्याला १२० लिटर, लिटरला १५ मिलिग्रॅम धरलं तर १,८०० मिलिग्रॅम. १८० लिटरच्या टाकीत महिन्याला दहाची वाढ, माशांनी तोंडही न उघडता!

माझ्या किटवर एकदा हात पोळल्यामुळे बोअरचं पाणी सरकारी प्रयोगशाळेत द्यायचं ठरवलं. पहिल्या खेपेला शनिवारी गेले, कुलूप. सरकारी कार्यालयं शनिवारी बंद असतात हे मी विसरलेच होते. दुसऱ्या खेपेला नमुना परत केला, कारण कोल्ड्रिंकच्या बाटलीत नेला होता. दोन लिटरचा नवा कॅन हवा, त्याच पाण्याने तीनदा विसळलेला, काठोकाठ भरलेला, आणि नमुना त्याच दिवशी पोचवायचा. तिसऱ्या खेपेला अर्ज भरला. स्रोत, पत्ता, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, आधारची झेरॉक्स. 'कारण' या रकान्यात मी 'मत्स्यालय' लिहिलं. टेबलावरचे साहेब म्हणाले, "मत्स्यशेती का ओ म्याडम? त्याचा फॉर्म येगळा आहे." शेवटी 'घरगुती वापर' यावर तडजोड झाली. पैसे भरून पावती घेतली आणि नवव्या दिवशी अहवाल हातात पडला. नायट्रेट ५८. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानक मर्यादा ४५ आहे.

इथे मासे थोडे बाजूला ठेवते. आमच्या खालच्या मजल्यावर चार महिन्यांचं बाळ होतं आणि वरच्या दुधासाठी त्याची आई बोअरचं पाणी उकळून वापरत होती. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना नायट्रेट बाधतं, रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते. आणि उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटून उलट वाढतं. अहवालाची झेरॉक्स लिफ्टशेजारी लावली. सासूबाई त्या दिवसापासून टाकीबद्दल जरा नरमल्या.

मार्चअखेर मत्स्यालयासाठीचं वेगळं आरओ-डीआय हे पाणी शुद्ध करायचं मशीन घेतलं, ९,२०० रुपये. आरओनंतर एका नळीत रेझिन असतं, ते उरलेले क्षार पकडतं. बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य हवा. त्याचा मीटर मला ४५० रुपयांना मिळाला आणि तो घेतल्याशिवाय बाकी काही घेऊ नका. आकडा दोन-तीन दिसायला लागला की रेझिन संपलं. बोअरच्या पाण्यावर ते फार लवकर संपतं, म्हणून मी नळाला पाणी येईल त्या दिवशीच मशीन चालवते आणि ड्रम भरून ठेवते. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर वाया जातं. सोलापुरात हे सांगायलाही लाज वाटते. ते पाणी बादल्यांत धरून फरशीला, संडासाला आणि चादरी भिजवायला वापरतो. तुळशीला घालत नाही, क्षार फार असतात.

मीठ २० किलोच्या पोत्यात मागवलं, ट्रान्सपोर्टने, कारण कुरियर परवडत नव्हतं. पोतं गोडाऊनला आलं, पण बिल्टीवर माझ्या नावातलं एक अक्षर चुकलेलं. आधार दाखवा, बिल दाखवा, पाठवणाऱ्याचा फोन लावून द्या. हमालाने पोत्यावरचं नाव वाचलं आणि मला म्हणाला, "मीठ? मुंबईवरनं मागवलंय मीठ?" हमालीचे पन्नास रुपये देताना मी नजर चुकवली.

नव्या पाण्याने आकडा खरंच हलला. एप्रिलच्या सुरुवातीला ७०, शेवटी ३५. आणि मग उन्हाळा अंगावर आला. पारा बेचाळीस-त्रेचाळीस, हॉलमधलं पाणी ३१ वर. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. पाणी गार करणाऱ्या चिलरची किंमत ऐकून फोन ठेवला. पण आपली कोरडी हवा इथे उपयोगी पडते. पाण्याच्या पृष्ठभागावर दोन छोटे पंखे तिरपे लावले (११०० रुपये) आणि पाणी २७-२८ वर आलं. माठ गार होतो तसंच. त्याची किंमत म्हणजे रोज सहा लिटर भर. डीआयचं पाणी नसतं तर इथे मी पुन्हा शंभरावर गेले असते.

मेमध्ये एका दुपारी पाच तास लाइट गेली. परत आली तेव्हा कॅनिस्टर आपोआप सुरू झाला आणि हॉलभर सडक्या अंड्यांचा वास सुटला. बंद डब्यातला ऑक्सिजन संपून आतले जिवाणू मेले होते आणि ते पाणी थेट टाकीत गेलं. डॅमसेल गेला. तासाभराच्या वर लाइट गेली तर बंद फिल्टरचा प्लग काढून ठेवा, आणि उघडून, धुऊन मगच सुरू करा. पाणी हलवणारा छोटा पंप मात्र इन्व्हर्टरवर घ्या, त्याला नगण्य वीज लागते.

त्या दिवशी कॅनिस्टरला रजा दिली. जूनमध्ये गावातल्याच काचवाल्याकडून टाकीखाली दोन फुटांचा संप, म्हणजे फिल्टरसाठी कप्प्यांची दुसरी टाकी, बनवून घेतला, ४,००० रुपये, आणि २,६०० चा पंप. संपात पहिल्या कप्प्यात फिल्टर सॉक ही गाळायची पिशवी, दर तीन दिवसांनी बदलायचा. दुसऱ्यात प्रोटीन स्किमर, जुना, पुण्यातून ८,५०० ला. स्किमर पाण्यात बारीक बुडबुडे सोडतो, विरघळलेली घाण त्यांना चिकटून फेसाबरोबर वरच्या कपात जाते. म्हणजे कुजायच्या आधीच घाण पाण्याबाहेर! पहिले आठ-दहा दिवस तो वेड्यासारखा उतू जात होता, मग सुधारला. कपातलं पाणी काळ्या चहासारखं दिसतं. वास चहाचा नसतो.

जुलैत आकडा वीसवर अडकला आणि माझी घाई नडली. टाकीत रोज थोडं व्हिनेगर घालायची एक पद्धत आहे. त्यातल्या कार्बनवर जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट खातात, आणि स्किमर त्यांना बाहेर काढतो. दीड-दोन मिलिलिटरपासून सुरुवात करून आठवड्या-आठवड्याने वाढवायचं असतं. मी आठ दिवसांत पंधरावर गेले. नवव्या दिवशी सकाळी पाणी ताकासारखं पांढरं आणि दोन्ही क्लाउन पृष्ठभागाशी तोंड उघडून. एवढे जिवाणू वाढले की त्यांनीच ऑक्सिजन संपवला. व्हिनेगर बंद, एअर पंप चालू, पाणी बदललं. दोन दिवसांत निवळलं. ती बाटली परत लोणच्याच्या फळीवर गेली.

त्याऐवजी संपाच्या तिसऱ्या कप्प्यात कीटोमॉर्फा लावलं, हिरव्या तारेच्या घासणीसारखं दिसणारं समुद्री शेवाळ. पुण्याहून ५०० रुपयांचा मूठभर गोळा. त्यावर रात्री दिवा लावायचा, टाकीचे दिवे बंद असतात तेव्हा. ते नायट्रेट खाऊन वाढतं, आणि वाढलेलं आपण ओंजळभर काढून टाकायचं. शिवाय लेकाचं दिवसातून तीनदा खायला घालणं एकावर आणलं आणि गोठवलेलं खाद्य आधी गाळणीत धुऊन घ्यायला लागलो. ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्या रविवारी नायट्रेट १० आलं. बाटली हलवून.

फेब्रुवारीपासूनचा खर्च जोडला तर ४८ हजारांच्या आसपास जातो. त्यात साडेअठरा हजार नुसत्या मिठाचे, तीन पोती. टीडीएस मीटर आणि नीट हलवलेली बाटली पहिल्या महिन्यात असती तर यातलं निदान एक पोतं वाचलं असतं.

आता आठवड्याला वीसऐवजी दहा टक्के पाणी बदलते. एकदा आकडा दोनच्या खाली गेला, कीटोमॉर्फा फिकट पडलं आणि वाळूवर तपकिरी चिकट थर आला. नायट्रेट अगदी संपणंही बरं नाही, म्हणून आता पाच ते दहाच्या मध्ये ठेवते. त्या आठवड्यात लेकाला चिमूटभर जास्त घालायची परवानगी मिळाली.

रविवारची टेस्ट अजून वहीत लिहिते. दुसरी बाटली मात्र सासूबाईंच्या ताब्यात आहे. माझ्या तीस सेकंदांवर त्यांचा विश्वास नाही. त्या बाटली मुठीत धरून सिद्धरामेश्वरांचं नाव घेत हलवतात, आणि त्यांचा जप संपेपर्यंत मला नळीत थेंब टाकता येत नाही.